माळ्यावरचा स्की गॉगल: स्पंजाचा भुगा झालाय, लेन्स बरी आहे. दुरुस्त करू की टाकून देऊ?

पायवाट (पुणे), ८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझी भाची जानेवारीत गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स करायला चालली आहे. तिला द्यायला म्हणून परवा माळ्यावरची जुनी सॅक खाली काढली. तळाशी माझा २०१६ साली घेतलेला स्की गॉगल होता. गुलमर्गचे दोन हिवाळे आणि औलीची एक खेप, एवढाच त्याचा वापर. पिशवीची दोरी सोडली आणि मांडीवर काळा भुगा सांडला. गॉगल चेहऱ्याला जिथे टेकतो तिथला स्पंज पार गेलाय. बोट लावलं की ओल्या पिठासारखा सुटतो आणि बोटाला चिकटून बसतो.

बाकीची अवस्था सांगते. लेन्स दुहेरी आहे. बाहेरून उजव्या कडेला दोन बारीक चरे आहेत, नखाला जेमतेम लागतात. आतल्या बाजूला नाकाच्या जरा वर रुपयाच्या नाण्याएवढा पांढुरका डाग आहे. पट्टा ताणला की आतून करकर आवाज येतो आणि सोडला तरी परत आखडत नाही. फ्रेम मात्र मऊ आहे, कुठे तडा नाही.

घरात सगळे म्हणतात टाकून दे, नवा घे. मला ते पटत नाही. डोळ्यांपुढची लेन्स शाबूत असताना स्पंज कुजला म्हणून अख्खी वस्तू कचऱ्यात घालायची? आणि याच गॉगलमधून मी पहिल्यांदा गुलमर्गच्या अफरवट डोंगराचा माथा पाहिला आहे. पण प्रश्न पोरीच्या डोळ्यांचा आहे, तिथे मला हयगय चालणार नाही. कुणी असं काम हाताने केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. काय दुरुस्त होतं आणि कुठे हात टेकायचे?


हिमकण (कॅल्गरी), ८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पायवाटताई, टाकू नका. मी इथे अकरा हिवाळे स्की करतोय. घरातल्या चार गॉगलांपैकी दोघांचे स्पंज मी स्वतः बदलले आहेत.

आधी एकच काम करा. तो भुगा झटकायला किंवा पुसायला जाऊ नका. लेन्स फ्रेममधून काढून बाजूला ठेवा, मग बाकीच्याला हात घाला. ते चिकट कण लेन्सच्या आतल्या बाजूला लागले आणि तुम्ही फडक्याने पुसलेत, तर मग काही उरणार नाही. या वस्तूचा सगळा जीव त्या आतल्या बाजूत आहे. बाहेरची लेन्स पॉलिकार्बोनेट नावाच्या टणक प्लॅस्टिकची असते आणि तिच्यावर कडक थर असतो, ती बरंच सोसते. आतली लेन्स पातळ असते आणि तिच्यावर पाणी ओढून घेऊन पसरवणारा एक थर दिलेला असतो. म्हणून श्वासातली वाफ तिथे थेंब धरत नाही. हा थर कोरडा असेपर्यंत ठीक, ओला झाला की दुधावरच्या सायीसारखा होतो. त्यावर बोट फिरवलं तर सायीसारखाच सरकतो, आणि एकदा सरकला की घरी परत चढवता येत नाही. तुमचा पांढुरका डाग मला तसाच वाटतोय. आठवून बघा, कधीतरी पडल्यावर आत बर्फ गेला होता आणि तुम्ही हातमोज्याने पुसला होता का?

खात्री करायची असेल तर आतल्या बाजूवर तोंडाने हळूच 'हाऽऽ' करून वाफ सोडा. जिथे थर जिवंत आहे तिथे लेन्स स्वच्छ राहील, जिथे गेला आहे तेवढाच भाग धुरकट होईल.

लेन्स काढताना एका कोपऱ्यापासून सुरुवात करा. अंगठ्याने फ्रेमची कड मागे सोलायची, लेन्स ओढायची नाही. फ्रेमच्या खाचांत लेन्सचे दात कसे बसलेत त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. परत बसवताना एक दात चुकला की कडेला केसाएवढी फट राहते आणि उतारावर तिथून वारा डोळ्यात शिरतो.

धुवायची वेळ आलीच तर नळाखाली कोमट पाण्याची बारीक धार, साबण नाही, काही नाही. पाणी झटकायचं आणि स्वच्छ मायक्रोफायबर नुसतं टेकवून टिपायचं. काचा पुसायचे निळे फवारे तर अजिबात नकोत. त्यातला अमोनिया पॉलिकार्बोनेटला मानवत नाही.


रसायन (रत्नागिरी), ९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

स्पंजाला काय झालं ते मी सांगतो, पॉलिमरमध्ये माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. तो पॉलियुरेथेन फोम आहे. हवेतलं बाष्प त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं, त्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. उष्णता असली की तेच काम झपाट्याने होतं. पुण्याचे सात-आठ पावसाळे, वर माळ्यावरचा एप्रिल-मे, आणि स्पंजात मुरलेला जुना घाम. ट्रेकवाल्या मंडळींना हा अनुभव बुटांचा असेल. दोन वर्षं न वापरलेले बूट घालून गडावर निघायचं आणि अर्ध्या वाटेत तळवा गळून पडायचा. तोच फोम, तोच रोग. पडून राहिल्याने वस्तू टिकते हा आपला समज या फोमच्या बाबतीत उलटा आहे.

नवा स्पंज घेताना लक्षात ठेवा, यात दोन जाती असतात. पॉलिएस्टर जातीचा बाष्पाने लवकर मरतो, पॉलिइथर जातीचा दमट हवेत जास्त टिकतो. गादी-सोफ्याचा फोम बहुतेक दुसऱ्या जातीचा असतो, म्हणून तुमच्या कामाला कुशनवाल्याकडचा तुकडाच बरा. विकत घेण्याआधी तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडे ठेवलेल्या तळव्याला हवा लागली पाहिजे. योगा मॅटसारखा बंद छिद्रांचा फोम दिसायला नीटस असतो, पण त्यातून घाम बाहेर पडत नाही आणि गॉगल आतून धुरकटतो.

जुना चिकटा काढायला अॅसिटोन, थिनर, पेट्रोल यातलं काही वापरू नका. अॅसिटोनचा एक थेंब उडाला तर पॉलिकार्बोनेटला जाळीसारख्या भेगा पडतात. लेन्स दुसऱ्या खोलीत ठेवून फ्रेमवर सर्जिकल स्पिरिट चालेल, तेही कापसाला लावून, ओतून नाही.


कोकणकडा, ९ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

चऱ्यांसाठी टूथपेस्ट चालते ना? मी मोबाइलच्या स्क्रीनवर लावली होती.


हिमकण (कॅल्गरी), ९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

नको, कोकणकडा. टूथपेस्टमध्ये बारीक भुकटी असते. ती चरा भरत नाही, आजूबाजूचा भाग झिजवून त्याच्या पातळीला आणते. लेन्सवरचा कडक थर आणि आरशासारखी चमक दोन्ही त्यात जातात आणि उन्हात त्या जागी चकाकी पसरते. दोन चऱ्यांच्या जागी हातभर धुरकट पट्टा होतो. ताईंचे चरे कडेला आहेत, नजरेच्या वाटेत नाहीत. ते तसेच राहू देत.


दृष्टिकोन (नाशिक), ९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

मी नेत्रतज्ज्ञ आहे. 'कुठे हात टेकायचे' हा पायवाटताईंचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून त्यावर लिहिते.

ताजा बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. गवत किंवा माती १० टक्केही फेकत नाही. शिवाय उंची दर हजार मीटरने वाढली की हे किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. गुलमर्गच २,६५० मीटरवर आहे, गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, वरचा टप्पा ३,९०० च्या पुढे नेतो. तिथे वरून येणाऱ्या किरणांच्या जवळपास तितकेच खालूनही येतात, म्हणून टोपीच्या झापेवर भागत नाही. उघड्या डोळ्यांनी काही तास काढले तर बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. हे हिमांधत्व. त्याची वाईट खोड अशी की त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री झोपताना, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. एक ते तीन दिवसांत बहुतेक वेळा बरं होतं. कॉन्टॅक्ट लेन्स काढायच्या, अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, थंड पाण्याची घडी पापण्यांवर ठेवायची, डोळे चोळायचे नाहीत आणि डॉक्टरांना दाखवायचं. बधिर करणारे थेंब कुणाकडून तरी मिळवून स्वतःच पुन्हा पुन्हा घालू नयेत, त्याने जखम भरायची थांबते.

१९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत एडवर्ड नॉर्टन कृत्रिम प्राणवायूशिवाय ८,५७२ मीटरपर्यंत गेले. पाय ठेवायची जागा नीट दिसावी म्हणून खडकाळ भागात त्यांनी गॉगल काढला होता. उतरल्यावर त्या रात्री त्यांना दिसेनासं झालं. मी हे का सांगतेय? कारण माणूस गॉगल विसरतो क्वचित, काढतो नेहमी. आणि काढतो तो धुरकटला म्हणून. स्पंज, हवेची छिद्रं, आतला थर, या सगळ्याची काळजी डोळ्यांच्या दृष्टीने म्हणून महत्त्वाची. धुरकट गॉगल शेवटी कपाळावर जातो.

आता चऱ्यांबद्दल. अतिनील किरण अडवण्याचा गुण पॉलिकार्बोनेटच्या अंगातच असतो, वरच्या रंगात नाही. दोन चऱ्यांमुळे तो कमी होत नाही. शंका असेल तर चष्म्याच्या दुकानात मीटर असतो, दोन मिनिटांत तपासून देतात. मात्र लेन्सला कुठेही तडा असेल, विशेषतः खाचांच्या कडेला, तर ती बाद. पडल्यावर ती फुटून डोळ्याकडे येता कामा नये. नजरेसमोर मधोमध चऱ्यांचं जाळं झालं असेल तरीही बाद. शिकणाऱ्या मुलीला उतारावरचा खळगा वेळेत दिसायला हवा.


टाकाटिप (ठाणे), १० नोव्हेंबर, दुपारी २:२०

पट्ट्याचं माझ्याकडे सोपवा. करकर आवाज येतोय म्हणजे आतले रबराचे धागे तुटले आहेत, त्याला धुऊन-बिऊन जीव येत नाही. सरळ नवा घाला.

चाळीस मिलिमीटर रुंदीचं विणीचं जाड इलॅस्टिक घ्या. वेणीसारखं गुंफलेलं घेऊ नका, ते ताणलं की अरुंद होतं आणि हेल्मेटवर घसरतं. दुकानातच ताणून बघा, रुंदी तीच राहिली पाहिजे. जुन्या पट्ट्याचे हूक आणि सरकपट्टी उसवून जपून ठेवा, तीच परत लावायची. लांबी जुन्या पट्ट्यावरून मोजू नका, तो सैल पडलेला आहे. भाचीला हेल्मेट घालायला लावून फ्रेमच्या या कानापासून त्या कानापर्यंत टेप फिरवा.

धागा पॉलिएस्टरचा, टाका झिगझॅग. सरळ टीप मारलीत तर पहिल्याच ताणाला दोरा तटकन तुटेल. टोकं दुहेरी दुमडून चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घाला. घरच्या मशिनवर सुई जात नसेल तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जा, त्यांच्या मशिनला हे काम पाच मिनिटांचं आहे.

मूळ पट्ट्याला आतून रबरी रेघा असतात ना, हेल्मेटवरून घसरू नये म्हणून? त्या घरी करता येतात. बाथरूमच्या फटी भरायचं पारदर्शक सिलिकॉन घ्या, ट्यूबचं तोंड अगदी बारीक कापा आणि इलॅस्टिक किंचित ताणलेलं ठेवून आतल्या बाजूला दोन नागमोडी रेघा ओढा. एक दिवस हात लावू नका.


पायवाट (पुणे), १९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार या कामात गेले. काय जमलं आणि काय बिघडलं ते लिहिते.

लेन्स सुखरूप निघाली. 'हाऽऽ' करून पाहिलं. हिमकण, तुम्ही म्हणालात तसंच झालं. सगळी लेन्स स्वच्छ आणि मधे नाण्याएवढा ढग, कडा इतक्या रेखीव की पेन्सिलने काढावा. आणि हो, आठवलं. औलीत पडले होते तेव्हा आत गेलेला बर्फ मी अंगठ्यानेच पुसला होता. लेन्सला तडा नाही. चष्म्याच्या दुकानात तपासून आणली, अतिनील किरण पूर्ण अडतात.

जुना स्पंज काढायला तीन तास लागले. आधी जुनं एटीएम कार्ड घेऊन खरवडला, मग अंगठ्याने वळ्या करत काढला. उरलेला काळा चिकटा स्पिरिटच्या कापसाने गेला. फ्रेम इतकी स्वच्छ निघाली की तिच्यावरचे साच्याचे आकडे दिसायला लागले.

पहिला प्रयत्न फसला. कुशनवाल्याने बारा मिलिमीटरचा तुकडा दिला, फुंकर आरपार गेली, आकारही चांगला कापला. पण चिकटवायला मी चपला चिकटवायचं पिवळं सोल्यूशन वापरलं. ते स्पंजात शोषलं गेलं आणि वाळल्यावर कडेला तारेसारखी टणक धार तयार झाली. गालाला लावून पाहिलं तर टोचते. वासही तीन दिवस गेला नाही. हा वास डोळ्यांजवळ घेऊन पोरगी दिवसभर उतारावर राहणार, या विचाराने सगळं परत सोलून काढलं. आता काय वापरू?


रसायन (रत्नागिरी), १९ नोव्हेंबर, रात्री १०:००

सोलून काढलंत ते योग्य केलंत. त्या सोल्यूशनमधलं द्रावक उडून जायला वेळ लागतो आणि तोवर लेन्स जवळ ठेवणंही बरं नाही. पातळ, पारदर्शक अॅक्रिलिक डबल टेप घ्या, मधे फोम नसलेली. फ्रेमची कड आठ-दहा मिलिमीटरची असेल तर टेपही तेवढ्याच रुंदीची. स्पिरिटने पुसून वाळल्यावर लावा, दाबून धरा आणि चोवीस तास तशीच राहू द्या. या टेपची पकड हळूहळू वाढते. लगेच ओढून बघायचा मोह टाळा.


टाकाटिप (ठाणे), २० नोव्हेंबर, सकाळी ११:४०

स्पंज कात्रीने कापला असेल तर कड तिरकी झाली असेल. कात्री आधी दाबते, मग कापते. कटरचं नवं पातं घ्या आणि न दाबता, लांब हाताने दोन-तीन वेळा ओढा. आकारासाठी फ्रेमवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, कडेचा ठसा उठतो.

आणि उघडा स्पंज चेहऱ्याला लावू नका, घामाने ओला होऊन गार पडतो. जुन्या फ्लीसच्या टोपीची पट्टी वरून लावा. पण फ्लीस सगळीकडून चिकटवलीत तर स्पंजाची छिद्रं बुजतील. फक्त बाहेरच्या कडेने बारीक हेम घाला, हातशिलाईने.


पायवाट (पुणे), २७ नोव्हेंबर, रात्री १०:२०

या वेळी जमलं! टेप लावली, एक दिवस पुस्तकांखाली ठेवला, वरून राखाडी फ्लीस. हेम घालताना सुई आधी स्पंजातूनच बाहेर काढत होते, तिथे खळगे पडत होते. मग फक्त वरचा पापुद्रा उचलून टाका घेतला तेव्हा सरळ बसली. चेहऱ्याला लावून आरशासमोर दिवा बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च कडेने फिरवला, कुठून उजेड येतो ते बघायला. नाकाच्या डाव्या बाजूला एक फट होती. तिथे बोटाच्या पेराएवढा जास्तीचा तुकडा लावला.

वरच्या हवेच्या छिद्रांवरचाही पातळ स्पंज गळला होता. तिथे काय लावू हे सुचत नव्हतं. शेवटी फिश टँकच्या फिल्टरचा जाळीदार स्पंज आणला आणि पातळ कापला. पाण्यातच राहायचा असल्याने बाष्पाला तो दाद देणार नाही असं वाटतं. रसायन, बरोबर आहे का? खर्च एकूण दोनशे रुपयांच्या आत.


रसायन (रत्नागिरी), २७ नोव्हेंबर, रात्री १०:४५

उत्तम निवड. जाळी मोकळी असल्याने हवा खेळेल आणि भुरभुर बर्फ अडेल. छिद्रं उघडी ठेवली असती तर पहिल्याच पडण्यात आत बर्फ भरला असता.


देवदार (मुंबई), २८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

धागा आज पाहिला. मी दर वर्षी चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरनंतरच्या कडाक्याच्या थंडीच्या त्या चाळीस दिवसांत, गुलमर्गला जातो. घरी केलेली दुरुस्ती डोंगरावर कशी वाया जाते ते सांगतो, कारण मी तशी घालवली आहे.

पहिल्या वर्षी संध्याकाळी हॉटेलात आलो, गॉगल ओला होता. खोलीत बुखारी, म्हणजे तिथली शेगडी, पेटलेली. तिच्या शेजारच्या खुंटीवर गॉगल टांगला आणि जेवायला गेलो. परत आलो तर आतली लेन्स भाजलेल्या पापडासारखी लहरली होती. दोन लेन्समधली चिकटपट्टी सुटली, दुसऱ्या दिवशी मधे वाफ शिरली आणि ती परत कधी निघाली नाही. तेव्हा बुखारी, हीटर, हेअर ड्रायर, गाडीच्या काचेवरची गरम हवा, यांच्यापासून लांब. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्पंज वर करून, उघडा ठेवायचा. रात्रीत वाळतो.

दोन लेन्समधे वाफ दिसायला लागली असेल तर लेन्स ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात चार दिवस ठेवून बघावी. सांधा नुकताच हलला असेल तर निघते. डोंगरावर जाऊन पुन्हा आली तर लेन्स बदलायची, दुसरा उपाय नाही.

काही लेन्सना वरच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र आणि त्यावर पांढरी चकती असते. ती घाण समजून खरवडू नका आणि टेपने बुजवू नका. अफरवटवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६१ टक्के असतो. दोन लेन्समधे अडकलेली खालची हवा वर गेल्यावर फुगते, तिला बाहेर पडायला तेवढीच वाट असते.

भाचीला हे पाठ करायला सांगा. लिफ्टच्या रांगेत गॉगल हेल्मेटवर किंवा कपाळावर चढवायचा नाही, डोक्याची वाफ थेट त्यात भरते. डोळ्यांवरच ठेवायचा, नाहीतर काढून कोरड्या पिशवीत. पडल्यावर आत बर्फ गेला तर गॉगल उलटा करून तळव्यावर आपटायचा, बोट आत घालायचं नाही. छिद्रांवर बर्फ साचला तर हातमोज्याने बाहेरून झाडायचा. आणि थंडीसाठी नाकावर ओढलेली कापडी पट्टी गॉगलच्या स्पंजाखाली खोचायची नाही. श्वास तिथून वर चढतो आणि मिनिटभरात सगळं पांढरं.

लेन्सवर एस१, एस२ असं काही छापलंय का?


पायवाट (पुणे), २८ नोव्हेंबर, रात्री ९:०५

एस२ आहे. छिद्र आणि पांढरी चकतीही आहे. मी खरंच ती गोंदाचा डाग समजले होते, उद्या नखाने काढणार होते!


देवदार (मुंबई), २८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

थोडक्यात वाचलात. एस२ म्हणजे १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो. शिकणाऱ्यांच्या उतारावर, ढगाळ आणि बर्फ पडत असलेल्या दिवशी हेच लागतं. कडक उन्हात एस३ बरा पडतो, पण एकच गॉगल न्यायचा असेल तर एस२ चांगला.


कोकणकडा, २९ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

मला चष्मा आहे. चष्म्यावरून असा गॉगल बसतो का? माझ्याकडेही एक जुना पडलाय, त्याचा स्पंज मी जाड लावला तर?


दृष्टिकोन (नाशिक), २९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

चष्म्यासाठीचे गॉगल वेगळे येतात, खोल असतात आणि कानशिलाजवळ काड्यांना खाच असते. साध्या गॉगलला स्पंज जाड लावून खोली वाढवता येते, पण मग तो चेहऱ्यावर डुलतो आणि कडेने उजेड येतो. आणि चष्म्याची काच गॉगलच्या आतल्या बाजूला टेकली की हिमकण सांगतात तो थर दर धक्क्याला खरवडला जाणार. तुम्ही खोल गॉगलच घ्या.


पायवाट (पुणे), ४ फेब्रुवारी, रात्री ८:००

भाची काल परतली. मुद्दाम तिला समोर बसवून लिहितेय.

सगळे दिवस हाच गॉगल वापरला. स्पंज सुटला नाही, फ्लीसचा एक टाका उसवला तो तिने खोलीत सुई मागून घातला. पट्टा हेल्मेटवरून एकदाही सरकला नाही. टाकाटिपताई, तिच्या बॅचमधल्या दोघींनी सिलिकॉनच्या रेघांचा फोटो काढून नेलाय. तिसऱ्या दिवशी दुपारपासून बर्फ पडत होता, उतार आणि आकाश एकाच रंगाचं. तेव्हा भाड्याचे गॉगल घेतलेली बरीच मुलं ते कपाळावर चढवून डोळे बारीक करून उतरत होती. हिला दिसत होतं.

डाग मात्र डागच राहिला. लिफ्टवर शांत बसलं की नाकाच्या वर नेमका तेवढाच गोल पांढरा व्हायचा, उतरायला लागलं की वाऱ्याने जायचा. ती म्हणते, "मावशी, तुझा अंगठा रोज दिसायचा." शेवटच्या दिवशी ती गोंडोलाने वरपर्यंत गेली. लख्ख ऊन होतं. अफरवटचा माथा तिने त्यातूनच पाहिला.


हिमकण (कॅल्गरी), ४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

वाचून फार आनंद झाला. आता एकच विनंती, तो परत माळ्यावर ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, वर काही वजन नाही, आणि डांबराच्या गोळ्या शेजारी नकोत. त्यांचा वास स्पंजात मुरतो.


पायवाट (पुणे), ९ जुलै, संध्याकाळी ६:४५

धागा वर काढतेय. आज पावसाची झड लागली आहे म्हणून आठवण झाली आणि कपाटातला डबा उघडला. सिलिकाचे भगवे दाणे ओल शोषून हिरवट झाले होते. स्वयंपाकात न वापरायच्या एका जुन्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा भगवे केले, गार करून परत भरले. स्पंज अंगठ्याने दाबून पाहिला. सोडल्याबरोबर वर आला आणि बोटाला काही लागलं नाही.